बॅगपाइपचा सा कुठला?

दिल्लीतील २६ जानेवारीचे संचलन किंवा २९ जानेवारीचा ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळा ज्याने दूरदर्शनवर पाहिला असेल त्याने बॅगपाइप नक्की ऐकलेला असतो. वादकाच्या काखेत पिशवी, खांद्यावर टेकलेल्या तीन उंच नळ्या आणि दूरवर पोहोचणारा, मध्ये कुठेही न तुटणारा आवाज. ब्रिटिश राजवटीत स्कॉटिश पलटणींबरोबर हे वाद्य आपल्याकडे आले आणि भारतीय सैन्याच्या वाद्यपथकांत कायमचे राहिले.

या पथकांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. बॅगपाइपच्या साथीला बहुधा इतर बॅगपाइप आणि ढोल एवढेच असतात. पियानो, क्लॅरिनेट, बासरी किंवा व्हायोलिन यांच्या मेळात हे वाद्य क्वचितच बसते. असे का? त्याचा आवाज फार मोठा आहे हे एक कारण झाले. पण मोठा आवाज तर बिगुलाचाही असतो, तरी त्याच्या कुळातला ट्रम्पेट वाद्यवृंदात मानाने बसतो. खरी अडचण वेगळी आहे. बॅगपाइपचा ‘सा’ इतरांच्या ‘सा’शी जुळत नाही. आणि तो जुळवला तरी आतले काही स्वर जुळत नाहीत.

या न जुळण्याला गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा चांगलाच बोधप्रद इतिहास आहे. ध्वनीचा पाठ शिकवताना आपण वारंवारता, अनुनाद, विस्पंद हे शब्द फळ्यावर लिहितो. याच शब्दांवरून वादकांनी, वाद्ये बनवणाऱ्या कारागिरांनी आणि शास्त्रज्ञांनी किती डोके लढवले, ते या इतिहासात दिसते.

पिशवी, नळी आणि अखंड सूर

बॅगपाइप हा सनईचाच नातलग आहे. सनईत वादकाची फुंकर थेट रीडवर, म्हणजे कंप पावणाऱ्या पत्तीवर जाते. बॅगपाइपमध्ये वादक आणि रीड यांच्यामध्ये पिशवी येते. वादक फुंकून पिशवी भरतो आणि कोपराने ती दाबत राहतो. तो श्वास घेतो तेव्हाही पिशवीतली हवा नळ्यांत जातच असते, म्हणून सूर तुटत नाही.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. सनईची रीड ओठांत असते. ओठांचा दाब बदलून सनईवादक स्वर किंचित चढवतो, उतरवतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. बॅगपाइपची रीड नळीच्या तोंडाशी बंदिस्त असते, तिला ओठ लागतच नाहीत. पिशवीतला दाबही जवळजवळ स्थिर ठेवावा लागतो, कारण दाब बदलला की सगळेच सूर डळमळतात. त्यामुळे हे वाद्य हळू-मोठे वाजवता येत नाही, आणि वाजवता वाजवता सहवादकाच्या सुराकडे थोडे सरकताही येत नाही. व्हायोलिनवादक बोट केसभर हलवून जुळवून घेतो. बॅगपाइपवादकाला जे काही जुळवायचे ते आधीच जुळवून ठेवावे लागते.

आपल्या परिचयाचा जो स्कॉटिश ‘ग्रेट हायलँड’ बॅगपाइप, त्याच्या छिद्रांच्या नळीला चँटर म्हणतात. तिच्यावर फक्त नऊ स्वर निघतात. खांद्यावरच्या तीन नळ्यांना छिद्रे नसतात. त्या एकच सूर धरून ठेवतात, सनईच्या जोडीदाराने धरावा तसा किंवा तंबोऱ्याने भरावा तसा. दोन नळ्या चँटरच्या सा च्या खालच्या सप्तकातला सा देतात आणि तिसरी लांब नळी त्याहूनही एक सप्तक खालचा. या नळ्यांना ड्रोन म्हणतात.

नऊ स्वरांत किती सप्तके?

ड्रोनचा सूर सा मानला तर चँटरवर मिळतात मंद्र कोमल नि, सा, रे, ग, म, प, ध, कोमल नि आणि तार सा. म्हणजे हा आपला खमाज थाट झाला. शुद्ध नि नाही, कोमल ग नाही, तीव्र म नाही. पियानोच्या बारा पट्ट्यांपुढे ही शिदोरी फारच तुटपुंजी वाटते.

पण संगीत शिकलेल्या शिक्षकांना मूर्च्छनेची युक्ती ठाऊक असेल. स्वर तेच ठेवायचे आणि सा दुसऱ्या स्वरावर मानायचा. बॅगपाइपच्या म ला सा म्हटले तर त्याच छिद्रांतून बिलावल निघतो. प ला सा म्हटले तर काफी, आणि रे ला सा म्हटले तर आसावरी. कागदावर पेन्सिलीने मांडून पाहिले की विद्यार्थ्यांनाही हे पटते. पाश्चात्त्य वादक हेच ‘ही धून अमुक की मध्ये आहे’ अशा शब्दांत सांगतात.

मात्र एक गोष्ट बदलत नाही. ड्रोन आपला मूळचाच सूर धरून असतो. म ला सा मानले तर ड्रोन पंचमाचा होतो. हे कानाला गोड लागते, पंचमाचा तंबोरा आपल्या ओळखीचा आहे. रे ला सा मानले तर ड्रोन कोमल निषादाचा होतो आणि सुराला वेगळीच धार येते. म्हणून बॅगपाइपच्या बहुतेक धुनी मूळ सा किंवा म धरूनच बांधलेल्या दिसतात. १९७२ साली स्कॉटलंडच्या ‘रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्स’ या पलटणीच्या पथकाने वाजवलेली ‘अमेझिंग ग्रेस’ ही धून ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तिचे स्वर आपल्या भूपाचे आहेत, सा रे ग प ध, आणि बॅगपाइपवर तिचा सा असतो म वर. ड्रोन खाली पंचम धरून उभा राहतो.

आता प्रश्न उरतो तो या सा च्या प्रत्यक्ष उंचीचा. त्याची वारंवारता किती?

‘ए’ म्हणजे किती कंपने?

आपल्याकडे गायक ‘माझी काळी एक’, ‘माझी पांढरी चार’ असे सांगतो आणि पेटीवाला त्या पट्टीत साथ करतो. इथेही हीच भाषा वापरू. पांढरी एक म्हणजे इंग्रजी सी, पांढरी सहा म्हणजे ए, काळी पाच म्हणजे बी फ्लॅट आणि पांढरी सात म्हणजे बी.

गंमत अशी की पांढरी सहा म्हणजे सेकंदाला नेमकी किती कंपने, हे निसर्गाने कुठेही लिहून ठेवलेले नाही. दोन स्वरांमधले गुणोत्तर निसर्गातून मिळते. सा पासून प दीडपट, तार सा दुप्पट. पण पहिला सा कुठे ठेवायचा हा सर्वस्वी माणसांच्या कराराचा भाग आहे. अठराव्या शतकातील युरोपात गावोगावी हा करार वेगळा होता. इंग्लंडमधील वादक जॉन शोअर याने १७११ मध्ये नादकाटा बनवला, तेव्हा सूर खिशात घालून नेण्याची सोय झाली. संगीतकार हँडेलशी संबंधित एक नादकाटा ए साठी ४२२.५ हर्ट्झ दाखवतो. पुढे सभागृहे मोठी झाली, वाद्यांना अधिक चमकदार आवाज हवासा वाटू लागला आणि सूर वर सरकू लागला. गायकांचे गळे ताणले जाऊ लागले. १८५९ मध्ये फ्रेंच सरकारने कायद्याने ए ४३५ वर बांधला. लंडनमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो ४५२ च्या आसपास पोहोचला होता. १८९६ मध्ये तिथल्या फिलहार्मोनिक सोसायटीने तो खाली आणून ४३९ केला. ब्रिटिश लष्करी वाद्यपथके तरीही १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जुना चढा सूरच धरून होती, कारण सूर बदलायचा म्हणजे सगळी वाद्ये नवी घ्यायची.

१९३९ मध्ये लंडनला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ए साठी ४४० हर्ट्झ हा आकडा ठरवला. ४३९ का नाही? नभोवाणीवरून प्रमाण सूर प्रक्षेपित करायचा तर तो स्फटिकाच्या कंपनांपासून मिळवणे सोयीचे होते. स्फटिकाच्या दहा लाख कंपनांना हजाराने भागले की हजार मिळतात. त्याला ११ ने गुणून २५ ने भागले की नेमके ४४०. पण ४३९ ही मूळ संख्या आहे, ती अशा गुणाकार-भागाकारातून सहजी निघत नाही. गणिताच्या तासाला मूळ संख्या शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

एलिसने घेतलेले माप

याच काळात एका अभ्यासकाने बॅगपाइपच्या सुरांचे माप घेतले. त्यांचे नाव अलेक्झांडर जॉन एलिस (१८१४–१८९०). हेल्महोल्ट्झ यांच्या स्वरशास्त्रावरील प्रसिद्ध जर्मन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर यांनीच केले. एलिस यांचा स्वतःचा कान संगीताला फारसा तयार नव्हता. ते काम पियानो व्यवसायातील आल्फ्रेड हिपकिन्स यांच्या तयार कानावर सोपवून एलिस मोजणी करीत. त्यांच्याजवळ क्रमाने लावलेले अनेक नादकाटे होते. तपासायचा सूर आणि त्याच्या जवळचा नादकाटा एकत्र वाजवायचे, ऐकू येणारे विस्पंद मोजायचे. सेकंदाला चार विस्पंद म्हणजे चार हर्ट्झचा फरक. उपकरण इतके साधे, पण अचूकता अशी की आजही त्यांचे आकडे उद्धृत केले जातात.

वेगवेगळ्या सप्तकांची तुलना करण्यासाठी एलिस यांनी ‘सेंट’ हे एकक रूढ केले. पेटीवरील लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग करायचे, एक भाग म्हणजे एक सेंट. पूर्ण सप्तक बाराशे सेंटचे. १८८५ मध्ये त्यांनी विविध राष्ट्रांच्या स्वरसप्तकांवर जो निबंध वाचला त्यात अरबस्तान, जावा, चीन, जपान यांबरोबर भारतीय सप्तकही होते. त्यासाठी राजा रामपालसिंह यांनी त्यांना सतारीवर स्वर वाजवून दाखवले होते.

हायलँड बॅगपाइपच्या एका चँटरवर एलिस यांना मिळालेले आकडे हर्ट्झमध्ये असे आहेत. मंद्र कोमल नि ३९५, सा ४४१, रे ४९४, ग ५३७, म ५८७, प ६६२, ध ७२२, कोमल नि ७९०, तार सा ८८२.

या आकड्यांत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे गंधार. सा पासून तो ३४१ सेंटवर आहे. पेटीचा कोमल ग ३०० वर असतो आणि शुद्ध ग ४०० वर. म्हणजे बॅगपाइपचा ग या दोहोंच्या मधोमध होता. धैवताचीही तीच तऱ्हा, तो ८५३ वर होता. एलिस यांना यात जुन्या अरबी सप्तकाशी साम्य दिसले. हे एकाच चँटरचे माप आहे, त्यावरून साऱ्या स्कॉटलंडचा निकाल लावू नये हे खरे. तरी ‘सा रे ग म जगभर एकच असतात’ ही समजूत मोडायला ते पुरेसे होते.

दुसरी गोष्ट म्हणजे सा. तो ४४१, म्हणजे पांढरी सहा. बॅगपाइपवादक आपला सा कागदावर ए असा लिहितात. त्या वेळी लिहिलेले आणि ऐकू येणारे जवळपास एकच होते. पण त्याच वेळी लंडनचा वाद्यवृंद ४५२ ला ए म्हणत होता.

एक उतरला, दुसरा चढला

यापुढचा इतिहास दोन विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या प्रवाशांसारखा आहे. वाद्यवृंदाचा ए चर्चा, ठराव आणि परिषदा होत होत ४४० वर उतरला. बॅगपाइपचा सा मात्र कुणाला न विचारता चढत राहिला.

ग्लासगोचे जे. एम. ए. लेनिहन आणि शेमस मॅकनील यांनी १९५० च्या दशकात पुन्हा मोजमाप केले. मॅकनील हे स्वतः नामांकित बॅगपाइपवादक आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, असा दुर्मीळ योग होता. त्यांना सा सरासरी ४५९ च्या आसपास आढळला. त्यानंतरही चढण थांबली नाही. सा ४७० च्या वर गेला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस काही पथके ४८० च्या आसपास सूर लावू लागली.

असे का झाले असावे? बॅगपाइपची पथके आपसांत स्पर्धा करतात. किंचित चढा सूर कानाला अधिक तेजस्वी वाटतो. एका पथकाने सूर चढवला की दुसऱ्याला आपला सूर मंद वाटू लागतो. कारागीर त्याप्रमाणे चँटर आणि रीड बनवतात. वाद्यवृंदात हीच ओढ होती, पण तिथे ऑर्गन, पियानो, गायकांचे गळे असे अनेक भागीदार होते आणि त्यांनी लगाम घातला. बॅगपाइपच्या मेळात दुसरा कोणी भागीदारच नव्हता. ढोलाला सूर चढल्याची तक्रार नसते.

परिणाम काय झाला तो आकड्यांत पाहू. ४४० च्या हिशेबाने काळी पाच म्हणजे सुमारे ४६६ आणि पांढरी सात म्हणजे सुमारे ४९४. बॅगपाइपचा सा ४७६ असेल तर तो काळी पाचच्या ३६ सेंट वर पडतो. ४८० असेल तर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध. पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत! स्केलचेंजर पेटी असली तरी तिचा उपयोग नाही, कारण ती पट्टीपट्टीनेच सरकते. अशा बॅगपाइपबरोबर पियानोवादकाने कोणतीही की निवडली तरी ती चुकीचीच ठरणार. कागदावर मात्र अजूनही ए च लिहिलेले. नव्या मंडळींची पहिली फसगत इथेच होते. लिहिलेला ए पाहून ती पांढरी सहाची तयारी करतात आणि ऐकू येते काळी पाच किंवा त्याच्याही वर.

तीन प्रांत, तीन उत्तरे

ज्यांना इतर वाद्यांबरोबर वाजवायचेच होते त्यांनी काय केले? युरोपात याची निरनिराळी उत्तरे सापडतात.

आयर्लंडमध्ये वाद्य बदलले. तिथला बॅगपाइप ‘इलन पाइप’ या नावाने ओळखला जातो. पिशवीत फुंकायचे नसते, दुसऱ्या काखेतल्या छोट्या भात्याने हवा भरतात. त्यावर दोन सप्तके वाजतात. जुने इलन पाइप सौम्य आवाजाचे, घरातल्या बैठकीला शोभणारे होते आणि त्यांचा सा पांढरी एक, पांढरी सात, काळी पाच असा हाताशी येईल तो असे. १८७० नंतरच्या दशकांत आयर्लंडच्या द्रोहेडा गावचे टेलर बंधू अमेरिकेत फिलाडेल्फियाला वाद्ये बनवत होते. तिथली नाट्यगृहे मोठी, श्रोते दूर बसलेले. त्यांनी मोठ्या आवाजाचा, पांढरी दोनचा म्हणजे डी चा इलन पाइप घडवला. डी ही निवड अचूक होती. व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा जी, डी, ए आणि ई अशा असतात. सा आणि प दोन्ही मोकळ्या तारांवर मिळाले की व्हायोलिन खुलून बोलते. आयरिश लाकडी बासरीही डी मध्येच असते. पुढे हाच सूर तिथल्या सामूहिक वादनाचा पाया ठरला.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात नेमके उलट घडले. १९४० च्या दशकात तिथे ‘बागाद’ नावाची वाद्यपथके उभी राहिली. त्यांनी हायलँड बॅगपाइप स्कॉटलंडकडून घेतला आणि त्याला जोड दिली बोंबार्डची. हे ब्रिटनीचे स्वतःचे, सनईसारखे खणखणीत वाद्य. इथे बॅगपाइप हलला नाही. बोंबार्डच काळी पाचच्या सुरात बनवले जाऊ लागले. ज्या वाद्याला हलता येते त्याने हलावे, हा व्यवहारी नियम इथे दिसतो.

तिसरे उत्तर स्कॉटलंडच्या दक्षिण भागातले. तिथे पूर्वी भात्यावर चालणारे, मंद आवाजाचे बॅगपाइप होते आणि ते जवळजवळ नामशेष झाले होते. १९७० च्या दशकापासून लोकसंगीताचे नवे संच निघाले, त्यांत गिटार, व्हायोलिन, बासरी यांच्याबरोबर बॅगपाइप हवा होता. १९८३ मध्ये या जुन्या वाद्यांसाठी ‘लोलँड अँड बॉर्डर पाइपर्स सोसायटी’ स्थापन झाली. कॉलिन रॉस यांच्यासारख्या कारागिरांनी लहान, सौम्य आवाजाचे ‘स्मॉलपाइप’ नव्याने घडवले. बोटे हायलँड बॅगपाइपचीच, पण सा पांढरी सहा किंवा पांढरी दोनवर, ४४० च्या हिशेबाने. ज्याने आयुष्यभर पलटणीतला बॅगपाइप वाजवला त्याला नवे काही न शिकता व्हायोलिनशेजारी बसता आले.

हायलँड बॅगपाइप मोठ्या वाद्यवृंदात आलाच नाही असे मात्र नाही. पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांच्या ‘ॲन ऑर्कनी वेडिंग, विथ सनराइज’ (१९८५) या रचनेत बॅगपाइपवादक अगदी शेवटी, सूर्योदयाच्या प्रसंगी प्रवेश करतो, आणि तोही सभागृहाच्या मागून चालत. अशा कामासाठी कारागीर आज खास ४६६ चे चँटर बनवतात. लष्करी पथकात हे मीलन थोडे सोपे जाते, कारण तिथले क्लॅरिनेट आणि कॉर्नेट मुळात काळी पाचचेच असतात. ‘अमेझिंग ग्रेस’मध्ये बॅगपाइप आणि लष्करी बँड एकत्र आले ते याच शेजारामुळे.

सा जुळला, पुढे काय?

समजा ४६६ चा चँटर मिळाला आणि पियानोवर काळी पाच धरली. सा शी सा जुळला. तरी भांडण मिटत नाही, कारण आतले स्वर बाकी आहेत.

ड्रोन सतत वाजत असल्यामुळे बॅगपाइपचा प्रत्येक स्वर त्याच्याशी ताडून पाहिला जातो. जो स्वर ड्रोनशी साध्या गुणोत्तरात असेल तो स्थिर आणि गोड लागतो. म्हणून आजचे वादक ग हा सा च्या ५/४ पट लावतात. सेंटमध्ये तो ३८६ होतो. एलिसच्या वेळचा ३४१ चा गंधार आता बहुधा ऐकू येत नाही. पियानोचा ग मात्र ४०० वर आहे, कारण पियानोने सप्तकाचे बारा समान भाग केले आहेत. सा ४६६ धरला तर बॅगपाइपचा ग सुमारे ५८२.७ आणि पियानोचा ५८७.३. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साडेचारच्या आसपास विस्पंद, स्पष्ट थरथर ऐकू येते. पंचमात हा फरक एका हर्ट्झहूनही कमी असतो, तो खपून जातो. कोमल नि सर्वांत अवघड. अनेक वादक तो ७/४ या गुणोत्तरात लावतात, म्हणजे ९६९ सेंट, तर पियानोचा १००० सेंट.

हा पेच मराठी वाचकाला नवा नाही. तंबोरा आणि पेटी यांच्यातले भांडण ते हेच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये पुण्यात भारतीय सप्तक आणि बावीस श्रुती यांवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. देवल आणि साताऱ्याचे न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांनी श्रुती वाजवता येतील अशी पेटी इंग्लंडमध्ये बनवून घेतली. बडोद्याला १९१६ मध्ये भरलेल्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण तिच्यावर मतभेद झाले आणि ती रूढ झाली नाही. ठाम सुरांचे वाद्य हाताशी असावे आणि प्रत्येक स्वर आधारसुराशी शुद्धही लागावा, या दोन मागण्या एकत्र पुऱ्या करणे किती अवघड आहे, हे सांगलीत आणि ग्लासगोत दोन्हीकडे अनुभवाला आले.

आज निवड कशी करतात?

अनुभवी वादकांची रीत साधारण अशी असते. प्रथम कोणते वाद्य हलू शकते ते पाहायचे. व्हायोलिन, गिटार, चेलो यांच्या तारा थोड्या चढवता येतात. इलेक्ट्रॉनिक तंबोरा तर हवा तिथे आणता येतो. मेळात एवढेच असतील तर बॅगपाइपने आपल्या सुरात राहावे, इतरांनी त्याच्याकडे यावे. पियानो, ऑर्गन, ॲकॉर्डियन असेल तर बॅगपाइपलाच बदलावे लागते. रीड चँटरमध्ये थोडी बाहेर घेतली की सूर उतरतो, आत दाबली की चढतो. एखादाच स्वर चढा असेल तर त्या छिद्राच्या वरच्या काठावर चिकटपट्टी लावतात. छिद्र अर्धवट झाकले की स्वर उतरतो. यानंतर धुनीचा सा असा निवडायचा की ड्रोन सा किंवा प वर पडेल, आणि ग व कोमल नि या स्वरांवर पियानोने फार वेळ थांबू नये.

तापमानही विसरून चालत नाही. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. १५ वरून ३० अंशांवर गेले तर वेग सुमारे अडीच टक्क्यांनी वाढतो. चँटरमधली हवा श्वासामुळे आधीच उबदार असते, त्यामुळे सूर तेवढा चढत नाही, पण कानाला जाणवण्याइतका चढतो. तारा मात्र उष्णतेने सैल पडून उतरतात. बाहेर थंडीत जुळवलेली जोडी सभागृहाच्या दिव्यांखाली फुटते ती यामुळे.

वर्गात हे दाखवायला बॅगपाइपची गरज नाही. सरबताच्या नळीचे टोक चपटे करून दोन्ही बाजूंनी तिरके कापले की रीड तयार होते. दोन विद्यार्थ्यांनी सारख्या लांबीच्या नळ्या फुंकाव्यात. एकाने आपली नळी थोडीथोडी कापत जावे आणि सूर कसा चढतो ते पाहावे. मग शाळेच्या पेटीवर त्या सुराची पट्टी शोधायला सांगावे. बहुतेकदा सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. आता नळी कापून सूर पुढच्या पट्टीवर आणायचा, की पेटी सोडून नळीच्याच सुरात सर्वांनी गायचे, हे विद्यार्थ्यांना ठरवू द्यावे. टेलर बंधूंनी एक उत्तर निवडले, ब्रिटनीच्या वादकांनी दुसरे. वर्गातली मुले कोणते निवडतात आणि का, यावर एक तास सहज चर्चा होऊ शकेल.